बाबांना बघून जिद्द येते पण सकाळपर्यंत टिकत नाही, काय करू?

बटण_पाचवं

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्षापूर्वी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात-पाय गेला, बोलणंही अडखळायला लागलं, मग नोकरीही गेली. आई कामाला जायला लागली, मी संध्याकाळी चार तास डेटा एन्ट्री करते आणि या सगळ्यात माझा गणिताचा पेपर दोनदा गेला. आता तिसरा अटेम्प्ट, अडीच महिन्यांवर आलाय.

बाबा रोज सकाळी शर्टाची बटणं उजव्या हाताने लावत बसतात. पहिल्या वेळी एकाच बटणावर पाऊण तास गेला आणि ते लागलंच नाही, दिवसभर शर्ट तसाच उघडा होता. दुसऱ्या दिवशी परत तोच शर्ट घेऊन बसले. आता पाचही बटणं सात-आठ मिनिटांत होतात. कोणी मदतीला गेलं तर डाव्या हाताने बाजूला सारतात, बोलत काहीच नाहीत.

ते बघून रात्री मी ठरवते की उद्यापासून आपणही असंच करायचं. पण सकाळी पुस्तक उघडलं की इंटिग्रेशनचं पहिलंच गणित अडतं आणि हात आपोआप दुसऱ्या विषयाकडे जातो, जो मला येतो. मग वाटतं की बाबा एवढं करतात आणि माझ्याच्याने एवढंही होत नाही. ही लाज इतकी वाढलीय की हल्ली ते बटणं लावत असले की मी त्या खोलीतच जात नाही.

तुमच्यापैकी कोणी आईवडिलांकडे बघून असे दिवस काढले असतील तर सांगा ना, नेमकं काय केलंत?

शाईपेन

अगं तुझं वाचून माझी आई आठवली. शाळा सोडून वीस वर्षं झाल्यावर ती परत परीक्षेला बसली, आम्ही दोघं एकाच टेबलावर अभ्यास करायचो. लोकांना वाटतं ती पास झाली म्हणून मला हुरूप आला, पण तसं नव्हतं, ती तर पहिल्या वेळी दोन विषयांत नापास झाली होती. मला लक्षात राहिलंय ते तिचं मोठ्याने बोलणं, "हे चुकलं, कुठे चुकलं बघू", मग खोडायची आणि परत लिहायची. दिवसातून वीस वेळा ते कानावर पडायचं, त्यामुळे चुकण्याची भीतीच राहिली नाही मला.

२०१७ मध्ये सायन्स या मासिकात एक प्रयोग छापून आला होता, १५ महिन्यांच्या बाळांवरचा. काही बाळांसमोर मोठ्या माणसाने डब्यातून खेळणं काढायला बराच वेळ धडपड केली, काहींसमोर पटकन काढलं. नंतर बाळांना असं खेळणं दिलं ज्याचं बटण दाबलं तरी वाजतच नव्हतं. ज्यांनी धडपड बघितली होती त्यांनी ते बटण जास्त वेळा दाबलं. म्हणजे बोलताही न येणारं मूल समोरच्याची धडपड बघून शिकतं. तू तर ती बघणंच बंद केलंस. त्या खोलीत परत जा, माझं एवढंच म्हणणं.

फिजिओ_ताई

मी झटका आलेल्या पेशंट्ससोबतच काम करते म्हणून लिहितेय. तुझ्या पोस्टमधलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, "हात आपोआप दुसऱ्या विषयाकडे जातो".

आमच्याकडे अगदी हेच होतं. झटक्यानंतर सुरुवातीला उजवा हात हलवायला गेलं की जमत नाही, दर वेळी अपयश. डावा हात पटकन काम करून टाकतो, मग मेंदू डाव्यालाच पुढे करतो आणि पुढे उजव्यात थोडी ताकद आली तरी माणूस तो वापरतच नाही. म्हणजे हात न वापरायचं मेंदू शिकून बसतो. यावर एक उपचार आहे, बरा हात जाड हातमोज्यात बंद ठेवायचा आणि अधू हाताकडून तासन्‌तास कामं करून घ्यायची. २००६ मध्ये यावरच्या मोठ्या ट्रायलचे निकाल आले, २२२ पेशंट, झटक्याला ३ ते ९ महिने झालेले, त्यातल्या ज्यांनी दोन आठवडे हे केलं त्यांचा हात वर्षभरानंतरही बाकीच्यांपेक्षा जास्त चालत होता. (घरी आपल्या मनाने कोणी हे करू नका, तोल जाऊन पडायची भीती असते, आधी तपासून घ्यावं लागतं.)

तुझ्या बाबांनी डाव्या हाताने बटणं कधीच लावली असती गं. ते मुद्दाम उजव्याने लावतात. तुझा डावा हात म्हणजे तो येणारा विषय. सकाळचा पहिला अर्धा तास ती पुस्तकं दुसऱ्या खोलीत ठेव आणि समोर फक्त गणित. सुटलं नाही तरी चालेल, पण उठायचं नाही.

अजून एक. झटक्यानंतर साधारण तिघांत एकाला डिप्रेशन येतं. बाबा गप्प असतात म्हणजे ते खंबीरच आहेत असं धरून चालू नकोस, त्यांना विचार. आणि तू किती तास झोपतेस?

मधलाभाऊ

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. माझे वडील रात्रपाळी करायचे आणि घरातले सगळे मला सारखं ऐकवायचे की बघ ते तुझ्यासाठी किती झिजतात, त्याचं इतकं ओझं झालं की परीक्षेत पेपर हातात आला की आधी वडिलांचा चेहरा दिसायचा आणि येत असलेलंही विसरायचो, एक वर्ष असंच गेलं. त्यांच्या कष्टांची परतफेड मार्कांनी होत नसते हे मला फार उशिरा कळलं. ताई, तुझे बाबा बटणं त्यांच्यासाठी लावतात, तुला लाज वाटावी म्हणून नाही. त्यांच्याशी बरोबरी करू नकोस.

बटण_पाचवं

सगळ्यांचे खूप खूप आभार, दोन दिवस उत्तरं परत परत वाचत होते. झोप साडेपाच तास होतेय, डेटा एन्ट्रीचा एक तास कमी करून मागितलाय.

काल बाबांजवळ जाऊन बसले आणि विचारलं की पहिल्या दिवशी बटण लागलं नाही तेव्हा काय वाटलं. त्यांना बोलायला वेळ लागतो, मी थांबले. म्हणाले, "रडलो. बाथरूममध्ये." मग बऱ्याच वेळाने, "पाच नाही बघत. एक बघतो." मला हे दीड वर्षात माहीतच नव्हतं. आम्ही दोघं मग बराच वेळ तसेच बसलो होतो.

आज सकाळी त्यांच्याच शेजारी वही घेऊन बसले, बाकीची पुस्तकं आईच्या कपाटात टाकली. अर्ध्या तासात एकच गणित, तेही शेवटी प्लस-मायनसचं चिन्ह चुकलं. बाबांनी वहीत डोकावून बघितलं आणि खोडरबर माझ्याकडे सरकवला. उजव्या हाताने.

एक विचारायचंय, इंटिग्रेशन बाय पार्ट्समध्ये यू, म्हणजे ज्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं तो भाग, कोणता धरायचा तिथेच मी दर वेळी अडते. एक्स गुणिले लॉग एक्स असेल तर एक्सला यू धरलं की पुढे सगळं गुंततंच जातं.

शाईपेन

लॉगला यू धर. लॉगचं इंटिग्रेशन किचकट आणि डेरिव्हेटिव्ह सोपं, एक भागिले एक्स, मग एक्सच्या इंटिग्रेशनचं जे एक्सवर्ग भागिले दोन येतं त्यातला एक एक्स त्याच्याशी कटतो आणि फक्त एक्स भागिले दोन उरतं. करून बघ आणि उद्या जिथे अडेल ती पायरी इथेच टाक, मी सकाळी असतो.