किओक्सिआ: भाव गुणिले माल? गणित इतकं सोपं नाही

चाळणी: किओक्सिआ या फ्लॅश मेमरी (फोन-सर्व्हरमधली साठवणीची चिप) बनवणाऱ्या जपानी कंपनीवर कालची एक पोस्ट: ‘फ्लॅशचा स्पॉट भाव चढतोय, किताकामीची दुसरी फॅब (चिपचा कारखाना) सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. भाव गुणिले माल, किओक्सिआ डोळे झाकून घ्या.’ अहो, निदान एक डोळा उघडा ठेवा.

स्पॉट बाजार म्हणजे हातोहात सौदे, तेही उरल्यासुरल्या मालाचे. सर्व्हर आणि फोनवाल्यांचा मोठा माल कराराच्या भावाने जातो, तिथे वाढ उशिरा आणि बोथट होऊन पोहोचते. आणि किओक्सिआचे कारखाने, योक्काइची काय, किताकामी काय, तिथला जवळपास निम्मा माल भागीदार सॅनडिस्कचा. शिवाय इमारत झाली म्हणजे माल आला असं नाही. यंत्रं बसवा, चाचणीचे वेफर (चिप जिच्यावर घडते ती सिलिकॉनची चकती) काढा, यील्ड (चांगल्या निघालेल्या चिपचं प्रमाण) जुळवा, मग वेफर आत गेल्यापासून चिप बाहेर पडायला आणखी तीनेक महिने.

तेजीवाला: पोस्ट माझीच. सॅनडिस्कचा वाटा विसरलो, कबूल. बाकीचं नाही. घसारा ठरलेला, भाव वाढला की वाढ थेट नफ्यात. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात २४,००० कोटी येनच्या वर तोटा, पुढच्याच वर्षी २७,००० कोटींच्या वर नफा. मधे नवी फॅब एकही सुरू झाली नव्हती.

चाळणी: माझाच मुद्दा मांडलात, आभार! ऑक्टोबर २०२२ पासून किओक्सिआने वेफर ३० टक्क्यांनी कमी केले, २०२३ मध्ये सॅमसंगनेही हात आखडता घेतला, तेव्हा कुठे भाव सावरले. नफा टंचाईचा आणि तुम्ही शेअर घेताय क्षमता वाढली म्हणून!

थरथराट: दोघांचंही चुकतंय. कोरियाची हायनिक्स चिपमध्ये एकावर एक रचलेल्या सेलच्या (माहिती साठवणाऱ्या कप्प्यांच्या) ३२१ थरांवर गेली, किओक्सिआ अजून २१८ वर. मागे पडलेल्या कंपनीच्या भावाची चर्चा कशाला?

वेफरवाला: आला थर मोजणारा. थर म्हणजे इमारतीचे मजले नव्हेत. सेल आडव्या दिशेनेही जवळ आणता येतात, त्यामुळे चौरस मिलिमीटरमागे किती बिट बसतात ते बघा. थर वाढवले की पापुद्रे चढवायला वेळ जास्त, खोल भोकं कोरायला वेळ जास्त. भोक मधेच फुगतं किंवा तळाशी तिरकं जातं, यील्ड पडतं. तेवढेच वेफर काढायला यंत्रं आणि क्लीनरूम (धूळमुक्त दालन) दोन्ही वाढवावी लागतात. तेव्हा @तेजीवाला, नवी फॅब म्हणजे सगळा जादा माल नव्हे, काही जागा जुनी संख्या टिकवण्यातच जाते.

त्यात २१८ थरांच्या पिढीत सेल एका वेफरवर, सर्किट दुसऱ्यावर, मग दोन्ही तोंडाला तोंड लावून जोडायचे. सेलला लागणारी उष्णता सर्किटला सोसत नाही, म्हणून वेगळं. मधे धुळीचा कण अडकला की तिथे पोकळी राहते, तांब्याचे पॅड जुळत नाहीत. एका कामाच्या वेफरमागे दोन वेफर खपतात, हे तुमच्या क्षमतेच्या आकड्यात धरलंय का?

थरथराट: इतकंच असेल तर ३३२ थरांची पुढची पिढी जाहीर कशाला केली? सेल जवळ आणत बसायचं होतं!

वेफरवाला: कारण दोन्ही करावं लागतं. आणि मधल्या पिढीत जुन्या सेल-वेफरला नवं सर्किट जोडताहेत, म्हणजे वेग वाढतो, खर्च कमी. वाचून या, मग भांडू.

चाळणी: थरांवरच शंभर प्रतिसाद होणार, दिसतंय. @तेजीवाला, १५ जून २०१९ ला योक्काइचीत १३ मिनिटं वीज गेली. पूर्ववत व्हायला जुलैचा मध्य. तो माल कुठल्या गुणाकारात धरता?

तेजीवाला: टंचाई झाली की भाव चढतो, असं तुम्हीच वर म्हणालात ना?

चाळणी: चढतो. पण ज्याची फॅब बंद, त्याच्याकडे विकायला माल नसतो. चढलेला भाव सॅमसंगच्या खिशात जातो.

तेजीवाला: बरं बाबा, गुणाकार मागे घेतो. शेअर नाही.

थरथराट: ३२१ > २१८. एवढंच.