डेस्कटॉपला नवीन ग्राफिक कार्ड टाकलंत की लॅपटॉप घेतलात? अनुभव सांगा

लालबागची लेक
आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. पुढच्या महिन्यात भाड्याने डोंबिवलीला जायचंय. काल माळ्यावरून २०१८ सालचा मदरबोर्डचा खोका निघाला, आत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर दुकानाचं बिल, आणि तो दिवस जसाच्या तसा डोळ्यासमोर आला. दुकानदाराने काउंटरवरच रायझन २६०० प्रोसेसर बसवला, वर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट टाकली. बाबा चष्मा कपाळावर चढवून वाकून बघत होते. टॅक्सीवाल्याला कॅबिनेट डिकीत ठेवू दिलं नाही, घरापर्यंत मांडीवर धरून बसले. त्यांच्या बोनसचे पैसे होते.

तोच पीसी आता अडलाय. बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ग्राफिक कार्ड. नवे गेम रडतखडत चालतात. ऑफिस ऐरोलीला, काही दिवस घरून. प्रोसेसर नि कार्ड बदलू, की पैशात भर घालून गेमिंग लॅपटॉप घेऊ? नव्या घरी टेबल कुठे मावणार तेच कळत नाहीये. तुम्ही काय घेतलंत, नंतर कसं गेलं, मोकळेपणाने लिहा.

विरार फास्ट
गेमिंग लॅपटॉप घेऊ नकोस बाई. अडीच किलो तो, वर चार्जरचं ओझं वेगळं. लेडीज डब्यात सॅक पुढे घेतली तरी दाबला जातोच. माझ्या लॅपटॉपचं बिजागर गेलं, मग स्क्रीनवर उभी रेघ. सर्व्हिसवाले म्हणाले फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. आणि चार्जर लावल्याशिवाय गेम नीट चालतच नाही, मग सोबत वागवून उपयोग काय?

सोल्डर आणि चहा
बी४५० आहे ना, मग बोर्ड ठेवा. त्याचं एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, २०१६ पासूनचं, अजून कामाला येतंय. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करा, मग रायझन ५६०० किंवा ५७००एक्स बसवा. डीडीआर४ रॅम आहे तीच चालेल, आणि आत्ता हाच मोठा मुद्दा आहे. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी रॅम उचलली नि भाव चढले. अशात नव्या पिढीची डीडीआर५ रॅम विकत घ्यावी लागेल असा नवा बोर्ड घ्यायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

कार्ड आरटीएक्स ५०६० बघत असाल तर ते आठच लेनवर (डेटा जायच्या वाटा) चालतं आणि बी४५० चा कार्डाचा स्लॉट जुन्या, हळू पीसीआयई ३ चा. थोडा वेग जातो, कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की जास्त जाणवतं. लॅपटॉपमध्येही ५०६० मिळतं, नाव तेच. पण डेस्कटॉपवर ते १४५ वॉट घेतं, लॅपटॉपमध्ये ४५ ते १००, कंपनी देईल तेवढे. दोन लॅपटॉपांवर एकच स्टिकर नि वेग वेगळा, हे मी पाहिलंय. वॉट लिहिलेले नसतील तो लॅपटॉप घेऊच नका.

मोदकवाली
आमच्या वन आरकेत पीसीचं टेबल हीच मखराची जागा. दरवर्षी गणपतीआधी सगळ्या वायरी काढायच्या, विसर्जनानंतर जोडायच्या. मुलगा कुरकुर न करता काढायचा हो, आरासही तोच करतो. अकरावीला त्याला लॅपटॉप घेतला, टेबल मोकळं झालं. आता पलंगावर ठेवून खेळतो, गादीने खालची जाळी बंद होते नि पंखा किंचाळतो. अरे पाटावर तरी ठेव म्हणून रोज ओरडते.

ग्रँट रोड पूर्व
लॅमिंग्टन रोड म्हटलं की मला मेरवान बेकरीचा मावा केक आठवतो. सकाळी लवकर गेलं तरच मिळायचा, मग दुकानं उघडेपर्यंत स्टेशनजवळ टाइमपास. रविवारी जाऊ नका हं, बरीच दुकानं बंद असतात.

विरार फास्ट
मावा केक!!! भूक लागली. कुकर झाला, येते.

वरळीचा वारा
समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी: खाऱ्या हवेने आमच्या कॅबिनेटचे स्क्रू गंजले, मागचे यूएसबी पोर्ट हिरवे पडले. पण डेस्कटॉपचं एक बरं, एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) गेला तर एसएमपीएसच बदलायचा. भावाच्या लॅपटॉपची रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली होती, बोर्ड गेला नि सगळंच गेलं. पावसाळ्यात पीसी रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा.

अकरा महिने
मी भाडेकरू माणूस, ॲग्रीमेंट संपलं की खोकी बांधा. तरी डेस्कटॉप सोडला नाही. ताई, शिफ्टिंगला ग्राफिक कार्ड काढून वेगळं गुंडाळा, टेम्पोत जड कार्ड स्लॉटला हिसके देतं. बाकी, बिल्डर भाडं वेळेवर देतोय ना? आमच्याकडे पुढे थकलं होतं.

लालबागची लेक
वर्षभराचं आगाऊ मागितलंय, कमिटी बोलतेय. आईला रात्री झोप नाही या काळजीने.

अकरा महिने
लेखी घ्या. काकूंना सांगा, होईल सगळं नीट.

अंधेरी लोकल
मी दोन्ही केलं. पीसी अपग्रेड केला नि जोडीला सेकंड हँड हलका लॅपटॉप घेतला. पीसीवर सनशाइन, लॅपटॉपवर मूनलाइट, पीसीवरचा गेम लॅपटॉपवर दाखवणारी ही सॉफ्टवेअरं, दोन्ही फुकट. पीसी हॉलमध्ये वायरने राउटरला जोडलेला, मी आत बाळाला थोपटत थोपटत लॅपटॉपवर खेळतो. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, नाहीतर अडकतं. घरात छान चालतं, ट्रेनमध्ये नेट तुटत राहतं, तिथे अपेक्षा ठेवू नका.

लालबागची लेक
हे पटलं! ऑफिसचा लॅपटॉप ऑफिस देतंच, गेम मी घरीच खेळते. पीसी ठेवते. सोल्डरदादा, ४५० वॉटचा एसएमपीएस पुरेल?

सोल्डर आणि चहा
५०६० ला कंपनी ५५० सांगते. तुमचा जुनाही झालाय, बदलाच. बायोस अपडेट होताना लाइट जाता कामा नये, कुणाकडून तरी यूपीएस आणा.

मोदकवाली
ते १०६० विकणार असलीस तर आधी मला सांग गं, भाच्याला हवंय.