शब्दचर्चा : पाण्यातला ‘संकेत’, ‘सुगावा’ आणि ‘चाहूल’

विचारणा
झगडताना क्रेफिश (गोड्या पाण्यातला, झिंग्यासारखा कवचधारी प्राणी) सोडतो ते मूत्र, चिरडलेल्या गोगलगायीतून पसरणारं द्रव्य आणि माशाच्या अंगावरून वाहत येणारा वास, या तिन्हींना ओढ्यातल्या जीवांवरच्या लेखनात सरसकट ‘रासायनिक संकेत’ म्हटलेलं दिसतं. कुठे कुठे ‘कामगंध’ही. हे चालेल का?

उत्तर
‘कामगंध’ इथे नकोच. शेतीतल्या कामगंध सापळ्यांमुळे तो ‘फेरोमोन’साठी रुळला, आणि तिथे तो चपखल आहे, कारण नर पतंगाला मादीच्या वासाने ओढून आणायचं असतं. पण १९५९ साली कार्लसन आणि ल्यूशर या शास्त्रज्ञांनी ‘फेरोमोन’ ही संज्ञा बनवली ती ‘वाहून नेणे’ आणि ‘चेतवणे’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून. एका प्राण्याने बाहेर सोडलेलं आणि त्याच जातीच्या दुसऱ्यात ठरावीक प्रतिसाद उठवणारं द्रव्य, एवढाच तिचा अर्थ. त्यात मीलन आलं, तशी भांडणंही आली. ‘फेरोमोन’ तसाच ठेवावा.

खरा घोळ ‘संकेत’चा आहे. मराठीत संकेत म्हणजे दोघांत ठरलेली खूण. देणारा ती मुद्दाम देतो, घेणाऱ्याला ती कळते. क्रेफिशच्या मूत्राला हा शब्द शोभतो. मूत्राची छिद्रं मोठ्या मिशांच्या बुडाशी, डोक्याच्या पुढच्या भागात असतात. झुंजीत आक्रमक हालचालीबरोबर मूत्र सोडलं जातं आणि तोंडाजवळची पंख्यासारखी उपांगं ते समोरच्याकडे ढकलतात. समोरचा लहान मिशा झटकून ते टिपतो. मूत्राची वाट बंद केली की झुंज लांबते. इथे पाठवणारा आहे, घेणारा आहे आणि निरोपही आहे. बेलाशक ‘संकेत’ म्हणा.

चिरडलेली गोगलगाय मात्र कुणाला काही सांगत नसते. तिच्यातून द्रव्य गळतं, बाकीच्यांना सुगावा लागतो. फायसा वंशातल्या गोगलगायी मग पाण्याच्या पातळीवर चढून येतात. मराठीत सुगावा ‘लागतो’, कुणी तो ‘देत’ नाही. शास्त्राला हवा असलेला भेद या क्रियापदातच आहे, तो ‘संकेत’खाली पुरून टाकू नये.

शंका
मग माशाच्या वासाला काय म्हणायचं? त्याला ‘कायरोमोन’ म्हणतात.

उत्तर
‘चाहूल’. सोडणाऱ्याचा तोटा आणि घेणाऱ्याचा फायदा करणारं, दोन वेगळ्या जातींमधलं द्रव्य म्हणजे कायरोमोन. नेमकेपणा हवा तिथे ‘चाहूलद्रव्य’ म्हणता येईल. उलट, सोडणाऱ्याचा फायदा होत असेल तर ते ॲलोमोन. त्याला ‘चाहूल’ लावू नये.

चाहूल लागली की वागणं बदलतं. ट्राउट मासे असलेल्या ओढ्यांत बीटिस या मेफ्लायच्या (पाण्यात वाढणाऱ्या एका कीटकाच्या) मोठ्या अळ्या प्रवाहाबरोबर वाहत जातात त्या मुख्यतः रात्री, कारण ट्राउट डोळ्यांनी शिकार करतो. नुसत्या वासाचं पाणी सोडलं तरी त्यांच्या वागण्यात फरक पडतो. फायसा गोगलगायींच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर आयुष्याचा क्रमच बदलला. एरवी त्या सुमारे ४ मिमीच्या होताच अंडी घालू लागत. त्यांच्याच जातीच्या गोगलगायी खाणाऱ्या क्रेफिशवरून आलेल्या पाण्यात त्या सुमारे १० मिमीपर्यंत वाढल्या आणि मगच अंड्यांकडे वळल्या. क्रेफिश लहान गोगलगायी पटकन फोडतो, मोठ्या त्याला जड जातात.

पुरवणी : ‘माग’
गोगलगायीच्या चिकट रेषेला यांपैकी एकही शब्द नको. ती दगडाला धरून राहते आणि तिच्यावरून दुसरी गोगलगाय पहिलीपर्यंत पोचते. हा ‘माग’, आणि तो ‘काढला’ जातो.

शंका
पाण्यात ‘वास’ म्हणणं तरी बरोबर का? न्यायदर्शनात गंध पृथ्वीचा गुण आहे, जलाचा नाही. जलाकडे रस आहे.

उत्तर
हवेवरून नव्हे, इंद्रियावरून ठरवावं. क्रेफिशच्या लहान मिशांवरच्या केसांनी टिपलं तो वास. पायांनी आणि मुखांगांनी टिपली ती चव. दोन्हींचं माध्यम पाणीच.

वापराबद्दल
प्रयोगाचं वर्णन लिहिताना शब्द पुराव्यापुढे जाऊ नये. ‘चाहूल लागली’ लिहायचं तर तुलनेचं पाणी हवं : त्याच टाकीसारखी टाकी, तेच तापमान, तेवढाच वेळ, फक्त मासा नाही. माशाला कोणतं खाद्य दिलं तेही नोंदवायला हवं. त्याने अळ्याच खाल्ल्या असतील तर प्रतिसाद माशाला की खाल्लेल्या अळ्यांना, हे सांगता येत नाही. चिरडलेल्या प्राण्याचा सुगावा तपासताना दुसऱ्या जातीचा प्राणीही तितक्याच वजनाचा चिरडून पाहावा, नाहीतर प्रतिसाद नुसत्या अन्नाच्या वासाचा असू शकतो.

नळाचं पाणी क्लोरीन काढूनच वापरावं. उघडं ठेवून क्लोरीन उडून जातो, काही ठिकाणी त्याऐवजी घातलेला क्लोरामाइन तसा जात नाही. त्याला सोडियम थायोसल्फेट लागतं. वासाचं पाणी ताजं वापरावं, किंवा लगेच गोठवावं. साठवून ठेवलं तर जिवाणू ही द्रव्यं मोडतात आणि ‘प्रतिसाद नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. तांब्याची तोटी किंवा नळी नको; विरघळलेलं तांबं थोडंही असलं तरी वास घेणारी इंद्रियं मंदावतात.

वाहत्या पाण्यात द्रव्य वरच्या अंगाला सोडावं आणि आधी खाण्याचा रंग सोडून ते प्राण्यापर्यंत किती सेकंदांत पोचतं ते मोजावं. खळाळात ते सारखं पसरत नाही, तुटक धाग्यांसारखं येतं. म्हणून ‘वासाचा ढग’ हा शब्दप्रयोग साचलेल्या पाण्याला ठीक, ओढ्याला ‘वासाचे धागे’ जवळचं.