प्राध्यापकाच्या संशोधनाचा गौरव व्याख्यानाने करायचा, तर ते आखावं कसं?

प्रश्न
मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते, एकोणीस वर्षं झाली. यंदापासून कला शाखेतल्या एका प्राध्यापकाचं, त्याच्या संशोधनाच्या गौरवार्थ, व्याख्यान ठेवायचं ठरलंय आणि आखणी माझ्याकडे आलीय. पहिलं नाव आमच्या मराठीच्या मॅडमचं. बावीस वर्षं त्या वाड्यावस्त्यांवर जाऊन जात्यावरच्या ओव्या टिपून घेतायत. वहीत प्रत्येक ओवीशेजारी गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं माहेर, आणि ओवी कुणाकडून शिकली तेही.

धास्ती अशी, की एका कॉलेजातला असाच सोहळा मी पाहिलाय. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मानपत्राचं वाचन, पाच जणांची मनोगतं. ज्यांचा गौरव ते सर उभे राहिले तेव्हा सव्वाबारा वाजले होते. लगेच चिठ्ठी: "सर, आवरतं घ्या." मोडी दप्तरांत आयुष्य घालवलेला माणूस बारा मिनिटांत खाली बसला. मला फार लागलं ते. मॅडमचं तसं होऊ द्यायचं नाही. वेळ किती ठेवावा? पूर्वी कुणी हे नीट केलंय का?

निवृत्त ग्रंथपाल, रत्नागिरी
ताई, केलंय, आणि आपल्या मुंबई विद्यापीठातच. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी आणि विद्वान डॉ. जॉन विल्सन १८७५ साली वारले. त्यांच्या नावाने भाषाशास्त्रावरची व्याख्यानं सुरू झाली आणि १८७७ मध्ये ती रा. गो. भांडारकरांनी दिली. मालवणात जन्मलेला, आमच्या रत्नागिरीच्या शाळेत हेडमास्तरकी केलेला माणूस. एक नव्हे, सात व्याख्यानं! संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश करत थेट आपल्या बोलींपर्यंत. विद्वानाला पुरेसा वेळ देणं हाच खरा मान. तुम्ही सात नाही, दोन संध्याकाळी तरी द्या.

दुसरं, छापायचं आत्ताच ठरवा. ती सातही व्याख्यानं एकत्र पुस्तकात यायला १९१४ उजाडलं. सदतीस वर्षं!

भाषाशास्त्राचा विद्यार्थी, पुणे
काकांच्या म्हणण्यात भर. 'हस्त'चं प्राकृतात 'हत्थ' झालं. मराठीत त्यातलं एक व्यंजन गळलं आणि आधीचा 'ह' लांबला: 'हात'. पंजाबीत 'हत्थ' अजून तसंच आहे. कर्ण, कण्ण, कान. सप्त, सत्त, सात. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा दिवसभर दिसेल तो शब्द असा उसवून बघत होतो. मॅडमनाही सांगा, शंभर ओव्या नकोत. एकच ओवी घ्या, ती तीन गावांत कशी बदलली ते दाखवा. सासर बदललं की ओवी कशी बदलते, हे सभागृहाला तिथेच कळेल.

साताऱ्याची, सध्या बर्कली, अमेरिका
इथल्या विद्यापीठात प्राध्यापकाच्या संशोधनाचा गौरव व्याख्यानाने करायची प्रथा शंभराहून जास्त वर्षं आहे. व्याख्याता प्राध्यापकांचीच सभा निवडते आणि व्याख्यान सगळ्यांना खुलं असतं. निवड सहकाऱ्यांच्या हातात ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी ज्येष्ठतेच्या यादीवर जाईल. आणि ज्या बायकांनी ओव्या दिल्या, त्यांना आमंत्रण गेलंय का?

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. साताऱ्याच्या ताईंच्या शेवटच्या ओळीने डोळ्यांत पाणी आलं. आमंत्रितांच्या यादीत आमदार होते, प्राचार्य होते, त्या बायका नव्हत्या. आज मॅडमच्या वह्या घेऊन बसलो. एकेचाळीस नावं निघाली, त्यातल्या चौदा जणी हयात आहेत. पहिल्या दोन रांगा त्यांच्या. एस.टी.ने येणं अनेकींना झेपणार नाही, म्हणून दोन जीप सांगितल्यात.

दोन संध्याकाळी मंजूर झाल्या, प्रत्येकी सव्वा तास. मनोगतं रद्द. मानपत्र वाचायचं नाही, मॅडमच्या हाती द्यायचं. छपाईला प्राचार्य हो म्हणालेत, पण मी ते लेखी मागितलंय.

मॅडमनी एकच अट घातली. ओवी त्या स्वतः म्हणणार नाहीत. जिची आहे तीच जागेवर बसून म्हणेल, माइक तिच्यापर्यंत गेला पाहिजे. लांब वायरचा माइक भाड्याने कुठे मिळेल, ते उद्या बाजारात विचारते.