आधारगटात पहिल्यांदा गेलात तो दिवस आठवतो का? (अनुभव धागा)

रामबागवाली
परवा इंदुरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे गेलो होतो. गर्दीतून सुटायला मागच्या गल्लीत वळलो आणि समोर तीच खोली. खाली आता झेरॉक्सवाला बसतो, वरच्या खिडकीचा हिरवा रंग मात्र तोच. हे म्हणाले काय झालं, चल की, आणि माझा पायच उचलेना.

अकरा वर्षं झाली. दर शनिवारी संध्याकाळी मी त्या खोलीत जायचे, घरी सांगायचे भाजी आणायला चाललेय. तेव्हा ह्यांचं पिणं ऐन भरात होतं आणि मी सोडून कोणालाच माहीत नव्हतं, असं मला वाटायचं. एका डॉक्टरीणबाईंनी अल-अनॉनचं नाव सांगितलं, पिणाऱ्याच्या घरच्यांचा गट. मी म्हणलं पितात ते, मी कशाला जाऊ? त्या म्हणाल्या तुमचं बीपी बघा आणि मग बोला.

सगळ्यात मोठी भीती कसली तर ओळखीचं कोणी भेटेल. इंदुरात मराठी माणसं ती किती, गणपतीत एक भेटतो, हळदीकुंकवाला तोच, लग्नात परत तोच. आणि झालंही तेच. आत गेले तर आमच्या ओळखीतल्या एक काकू. कोण ते सांगणार नाही, तिथला नियमच आहे आणि मला तो मरेपर्यंत पाळायचाय. मला घाम फुटला. परत फिरावं तर जिना अरुंद, मागून दोघी येत होत्या, म्हणून बसले. बोलता येईना, मांडीवर भाजीची पिशवी होती त्यातली मेथी काढून निवडायला लागले, हात थरथरत होते. काकू उठून शेजारी येऊन बसल्या, एक शब्द नाही बोलल्या, अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागल्या. तासभर दोघींनी मेथी निवडली. मी काहीच बोलले नाही त्या दिवशी, पण घरी आल्यावर कित्येक महिन्यांनी झोप लागली.

आणि एक गोष्ट. मीटिंग हिंदीत असायची. मराठीत जे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं ते हिंदीत निघालं, मेरे पति बहुत शराब पीते हैं. मराठीत ते शब्द सासरच्या माणसांचे वाटायचे, आईचे वाटायचे, हिंदीत ते नुसते शब्द होते. तिथे तीन गोष्टी शिकवतात: हे मी घडवलेलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरं करू शकत नाही. तिसरी पचायला मला दोन वर्षं लागली. ह्यांची सुटली ती पुढे, त्यांच्या त्यांच्या वाटेनं. गट माझ्यासाठी होता.

तुम्ही कोणी कुठल्या गटात गेला असाल, व्यसनाचा, आजाराचा, दुःखाचा, कसलाही, तर लिहा ना. कसा सापडला तेही लिहा, त्यातच माणसं अडकतात.

चहाबाज
मेथीपाशी थांबलो आणि परत वाचलं. दुकानात गिऱ्हाईक आहे, रात्री लिहितो.

सेवभाजी
ताई 🙏 गेरीचे फोटो असतील तर टाका, यंदा येता आलं नाही, पुण्यात बसून रंगपंचमी म्हणजे काहीच नाही हो.

आजचादिवस
मी दुसऱ्या बाजूचा. पिणारा. ताई तुमचं वाचताना सारखं वाटत होतं की ही माझीच बायको लिहून राहिली.

मला एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, पिणाऱ्यांचा स्वतःचा गट, सापडलं ते एमवाय हॉस्पिटलच्या ओपीडीतल्या एका वॉर्डबॉयमुळे, तोच स्वतः मेंबर निघाला. डॉक्टर गोळ्या लिहून देत होते आणि ह्यानं हळूच पत्ता सांगितला. पहिल्या दिवशी दाराशी कोणी नाव विचारलं नाही, आडनाव तर नाहीच, फी नाही, रजिस्टर नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्यानं टाकायचं, नाही टाकलं तरी कोणी बघत नाही. मी गेलो होतो तो बायकोला दाखवायला की बघ गेलो. एक माणूस उठून बोलला की मी क्वार्टर कूलरच्या मागे लपवायचो आणि उन्हाळा आला की दोन कूलर घ्यायचो. मला वाटलं हा माझ्या घरात कधी येऊन गेला? तीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं की ही अक्कल माझी एकट्याची नाही.

नंतर कळलं सगळी गोष्टच अशी सुरू झाली. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, तासन्‌तास नुसते बोलत बसले. भारतात १९५७ मध्ये मुंबईत सुरू झालं. आणि अल-अनॉन १९५१ चं, त्यातल्या एका संस्थापकाच्या बायकोनंच काढलं, कारण नवरे आत मीटिंगला आणि बायका बाहेर वाट बघत.

नऊ वर्षं झाली. म्हणजे नऊ वर्षं म्हणायचं नसतं, आजचा दिवस म्हणायचं. आज नाही प्यालो.

सेवभाजी
कूलरच्या मागे!! आमच्या बाबांची गच्चीवरच्या टाकीत असायची. दोरीनं बांधून पाण्यात सोडलेली, गार पण राहायची. आई टाकी धुवायला चढली तेव्हा कळलं. आईला असा गट मिळायला हवा होता, तिच्या वेळी तिनं फक्त उपास केले.

रामबागवाली
सेवभाजी, आईंना माझा नमस्कार सांग. आहेत ना?

सेवभाजी
आहे, आहे. नर्मदेला गेलीये आत्ता मंडळाबरोबर, महेश्वरला.

दांडियाबाजार
बडोद्याहून. आमचा विषय वेगळा, आईचा डिमेन्शिया. घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

संध्याकाळी साडेपाच झाले की आई पिशवी भरायची, नऊवारी, पोथी, दातांची डबी, आणि दारात उभी, घरी जायचंय म्हणायची. स्वतःच्या घरात, जिथे पन्नास वर्षं राहिली. मी समजवायचे आई हेच घर आहे, ती रडायची, मी ओरडायचे, मग मी रडायचे. रोज. न्यूरोलॉजिस्टच्या बाहेर बाकावर बसलेल्या एका गुजराथी बाईंनी सांगितलं आमचा देखभाल करणाऱ्यांचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा, आवो ने. गेले तर सगळ्यांच्या घरी साडेपाचची तीच रड. एका काकांनी सांगितलं वाद घालू नका, हो म्हणा, चहा घेऊन निघू म्हणा. त्या संध्याकाळी मी म्हणलं हो आई निघूच, चहा घेऊन जाऊ. ती बसली, चहा प्याली, पिशवी मांडीवर तशीच, आणि विसरली. एवढंच होतं. दोन वर्षं मी तिच्याशी भांडले आणि उत्तर एक कप चहा होतं.

ज्यांना हवं असेल त्यांनी ए-आर-डी-एस-आयची शाखा जवळ आहे का ते विचारा, अल्झायमरसाठी १९९२ पासून काम आहे त्यांचं, मूळ केरळातलं. आई गेली दिवाळीत. मी अजून ग्रुपला जाते, आता नवीन आलेल्यांना चहाचं मी सांगते.

पोहेजलेबी
💐 दांडियाबाजार ताई.
बडोद्यात अजून ते सुरसागरजवळ महादेवाची मोठी मूर्ती आहे ना, तिथे जवळच माझं आजोळ होतं.

दांडियाबाजार
आहे की, तळ्याच्या मधोमध. सोन्याचा मुलामा दिलाय आता.

मालवमाती
मला दुसरी बाजू लिहू द्या, सगळे गट चांगले असतात असं वाचणाऱ्याला वाटायला नको.

मुलगी झाल्यावर मला डिप्रेशन होतं, कोणीतरी एका गटात नेलं. चालवणारे गृहस्थ चाळीस मिनिटं स्वतःच बोलले, सकारात्मक विचार करा, सकाळी लवकर उठा. एकजण रडायला लागली तर तिला सगळ्यांनी मिळून सल्ले दिले. मी दोन वाक्यं बोलले आणि ती दोन वाक्यं आठ दिवसांत माझ्या जाऊबाईंच्या कानावर. आमच्या घरी जरा कोणी वेगळं वागलं की बाणगंगेला, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, नेऊन सोडू का म्हणायची पद्धत, तिथे काय झालं असेल विचार करा. तीन वर्षं मी कुठेही गेले नाही, आणि ती तीन वर्षं माझ्या मुलीचीही गेली, ह्याचा राग मला अजून आहे.

नंतर सायकियाट्रिस्टनं पाठवलं ते थेरपी ग्रुपला. आठ जणी, तीच माणसं दर आठवड्याला, मधे नवीन कोणी येणार नाही. पहिल्याच दिवशी ठरलं, इथलं इथेच. सल्ला द्यायचा नाही, विचारल्याशिवाय तर नाहीच. तिथे मला बरं वाटलं.

आजचादिवस
मालवमाती, वाईट वाटलं खूप. आमच्याकडेही मधे एकजण सगळ्यांना लेक्चर द्यायचा, जुन्यांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं.

पलासियाची
मी समुपदेशक आहे, चौदा वर्षं. मालवमातीनं लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे म्हणून थोडं लिहिते.

सपोर्ट ग्रुप आणि ग्रुप थेरपी ह्यात गल्लत होते. सपोर्ट ग्रुपमध्ये सगळे एकाच नावेतले, चालवणाराही त्यातलाच, केव्हाही या, केव्हाही थांबा. ग्रुप थेरपीत प्रशिक्षित माणूस असतो, सहसा सात-आठ-दहा जण, वेळ बांधलेली, आणि तुमचं एकमेकांशी कसं वागणं होतं तेसुद्धा तिथे कामाला येतं. बोस्टनमध्ये १९०५ साली प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी टीबीच्या गरीब पेशंटना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली, हेतू होता विश्रांती-आहाराचे धडे द्यायचे, आणि लक्षात आलं की माणसं धड्यांपेक्षा एकमेकांमुळे सावरतायत. यालोम म्हणून मोठे मानसोपचारतज्ज्ञ, त्यांनी गटात गुण देणाऱ्या गोष्टी मांडल्या त्यात ‘हे माझ्या एकट्याचंच नाही’ ही जाणीव आहे. वर कूलरवाल्या दादांनी तेच लिहिलंय, पुस्तक न वाचता.

जाण्याआधी फोन करून बिनधास्त विचारा, कोण चालवतं, त्यांचं शिक्षण काय, किती जण असतात, गोपनीयतेचं काय, नुसतं बसून ऐकलं तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाला नाही म्हणाले तर मी जाणार नाही. सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत विचारलं तर बहुतेक वेळा कोणाला तरी माहीत असतं. आणि टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, तिथेही विचारता येतं. जीव द्यायचे विचार येत असतील तर मात्र गटाच्या शनिवारची वाट बघू नका, आजच फोन करा, आजच डॉक्टर गाठा.

चहाबाज
आलो. दुकान बंद केलं.

ही गेली २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत. शेवटचं बघायला मिळालं नाही. मुलगा बंगलोरला, म्हणतो बाबा इकडे या. दीड वर्ष मी दुकान ते घर. मग एका मित्रानं जबरदस्तीनं एका ग्रुपमध्ये नेलं, जोडीदार गेलेल्यांचा, सहा-सात जण, जवळजवळ सगळ्या बायका. मी आणि एक रिटायर्ड बँकवाले एवढेच पुरुष. मला वाटलं आता विचारतील कसं वाटतंय. बँकवाल्यांनी विचारलं आज जेवायला काय केलंत. मी म्हणलं ब्रेड. ते म्हणाले उद्या पोहे करा, मी फोनवर सांगतो. सकाळी सात वाजता खरंच फोन, भिजवू नका, चाळणीत धुऊन ठेवा, बडीशेप टाका, वरून सेव. मी गॅसपाशी उभा राहून रडलो कारण बडीशेप ही कुठे ठेवायची तेच मला माहीत नव्हतं. तिसऱ्या डब्यात निघाली.

आता दर रविवारी करतो. ते बँकवाले येतात खायला.

पोहेजलेबी
दादा 🙏🙏 काही लिहिता येत नाहीये.

सेवभाजी
आईला वाचून दाखवणार आहे हे, आली की.

लष्करलेक
ग्वाल्हेरहून, पहिल्यांदा लिहितेय. भावाला स्किझोफ्रेनिया आहे, बावीस वर्षांचा होता तेव्हापासून. आमच्या मानसिक आरोग्यशाळेत औषधं चालू आहेत, आता बराच ठीक आहे. घरच्या लोकांचा एक गट आहे असं तिथल्याच सिस्टरनी सांगितलं, शनिवारी पाच वाजता. तीन शनिवार मी फाटकापर्यंत गेले आणि रिक्षा वळवली. पलासियाची ताईंनी लिहिल्याप्रमाणे फोनवर सगळं विचारलंसुद्धा, बसून ऐकलं तर चालतं म्हणाले. तरी पाय उचलत नाही. बाड्यावर, भर बाजारात, आमचं दुकान आहे, सगळे ओळखतात, भावाचं लग्नाचं बघतायत घरचे आणि मुलीकडच्यांना अजून सांगितलेलं नाही, तेही मला पटत नाही, पण ते वेगळं.

मालवमाती
वेगळं नाही गं. मुलीकडच्यांना सांगायलाच हवं. पण आधी तू जा.

रामबागवाली
लष्करलेक, ह्या शनिवारी साडेचारला रिक्षात बसलीस की मला फोन कर, नंबर तुला वेगळा पाठवते. फाटकापर्यंत आपण बोलत राहू. दाराजवळची खुर्ची धर, केव्हाही उठता येतं.

लष्करलेक
करते ताई. काही सोबत न्यायचं असतं का?

रामबागवाली
काही नाही. हाताला काम असलेलं बरं, वाटाणे ने सोलायला.