तुमचं काम लॅपटॉपमध्ये मावलं का? महामारीतल्या नागपूरचे अनुभव

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा पहिला अंदाज ऑगस्टअखेर आला. त्या तिन्ही महिन्यांत माझा पगार वेळेवर जमा झाला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझं काम पाठीवरच्या बॅगेत मावतं. शेजारचे काका बुटीबोरीच्या कारखान्यात यंत्रावर होते, त्यांचं मावत नव्हतं. एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहून आमचे ते उन्हाळ्याचे दिवस इतके वेगळे गेले, की त्यावर आम्ही अजून मोकळेपणाने बोललेलो नाही.

म्हणून हा धागा. आयटीवाल्यांनीच लिहावं असं मुळीच नाही. तुमचं काम लॅपटॉपमध्ये मावलं की नाही, तिथून सुरुवात करा आणि पुढे काय झालं ते लिहा. कंपनीचं नाव नको.

मिहान, नेटवर्कचं काम

आमच्याकडे साडेचारशे माणसं आणि व्हीपीएनचे, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणाऱ्या सोयीचे, परवाने साठ. घरून काम ही सोय रात्री सपोर्ट देणाऱ्यांपुरतीच होती. जनता कर्फ्यू रविवारी, २२ मार्चला. त्याच्या आदल्या शुक्रवारी वरून निरोप आला की सगळ्यांना घरी पाठवायचं आहे.

बाहेरच्यांना वाटतं, लॅपटॉप उचलला की झालं. पण आम्ही सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात. तिथली यंत्रं करात सवलत घेऊन आणलेली असतात, त्यामुळे फाटकाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक नगाची नोंद आणि परवानगी लागते. शिवाय निम्म्या लोकांकडे लॅपटॉप नव्हतेच, डेस्कटॉप होते. दोन टेम्पो ठरवले आणि मॉनिटर गाद्यांत गुंडाळून वाडी, मानेवाडा, कामठीपर्यंत पोचवले. काटोलच्या एका मुलाच्या घरी वायरचं इंटरनेट नव्हतं, त्याला डोंगल दिलं. ते फक्त गच्चीवर चालायचं.

परवाने वाढून येईपर्यंत पाळ्या लावल्या. प्रोग्रॅम लिहिणारे सकाळी, चाचणीवाले दुपारी. व्हीपीएनमधून फक्त कामाचा ट्रॅफिक न्यावा आणि बाकीचं घरच्या लाइनवर सोडावं, हे मी तीन वर्षं मागत होतो. सुरक्षेच्या नावाखाली दर वेळी नकार. ती मंजुरी एका फोनवर मिळाली. सरकारचंही तेच झालं. कॉल सेंटरसारख्या कामांत कर्मचाऱ्याने घरून काम करायचं तर दूरसंचार विभागाकडे अनामत भरण्यासारख्या अटी होत्या. त्या मार्चमध्ये तात्पुरत्या सैल झाल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नियमच नव्याने लिहिले गेले. इतकी वर्षं जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते आठवड्यात झालं, हे मी विसरू शकत नाही. आता कुणी 'सिस्टीम परवानगी देत नाही' म्हणालं की मी विचारतो, कोणती सिस्टीम?

गायत्रीनगर, आयटी पार्कजवळ

माझ्या बाबांचा तर्री-पोह्यांचा, म्हणजे चण्याच्या तिखट रश्श्यासोबतच्या पोह्यांचा, ठेला आहे. मी बी.कॉम. करून राहिलो होतो तेव्हा, सकाळी हाताखाली असायचो. रात्रपाळी सुटली की सहाला पहिलं गिऱ्हाईक यायचं, साडेदहाला पातेलं रिकामं. आम्ही कोणत्याच कंपनीत नव्हतो, पण आमचा पगार त्याच बिल्डिंगांतून यायचा, असं बाबा म्हणायचे.

कर्फ्यू एका दिवसाचा म्हणून आईने रविवारी संध्याकाळी सोमवारसाठी चार किलो चणे भिजत घातले होते. सोमवारी रस्त्यावर कोणीच नाही. ते चणे मोहल्ल्यात वाटले. मंगळवारी रात्री २१ दिवसांचं ऐकलं आणि बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त गॅसची टाकी घरात आणून ठेवली.

मेपासून त्याच ठेल्यावर भाजी विकली. बाबांना भाजीतलं कळत नव्हतं, दोन हप्ते नुकसानच झालं. मे महिन्यात एका गिऱ्हाईकाने फोन करून खातं नंबर मागितला. मार्चची उधारी होती, १४० रुपये. त्याने दोन हजार पाठवले. बाबांनी १,८६० वहीत जमा लिहिले आणि ठेला सुरू झाल्यावर त्याला पोहे खाऊ घालून ते फेडले. तो नको म्हणत होता, पण त्यांनी ऐकलं नाही.

पुढे ठेलेवाल्यांसाठीच्या सरकारी स्वनिधी योजनेतून दहा हजारांचं कर्ज मिळालं, क्यूआर कोड लागला. पण ऑफिसं कुठे उघडली होती? 'कंपन्या पुन्हा सुरू' असं आम्ही दोन वर्षं पेपरात वाचत राहिलो. जेव्हा खरंच लोक आले तेव्हा हप्त्यातले तीनच दिवस आले. हायब्रीड म्हणजे काय ते आम्हाला पातेल्यात कळलं. मंगळवार, बुधवार, गुरुवारी दहा किलो पोहे लागतात, शुक्रवारी तीन. कोणत्या टीमला कोणता दिवस दिला, हे बाबा गिऱ्हाईकांना विचारून लिहून ठेवतात. कंपनीने दिवस बदलला तर आम्हाला कोण सांगणार?

मानेवाडा, सॉफ्टवेअर टेस्टर

माझी गोष्ट जरा उलटी आहे. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली होती, सहा वर्षं झाली होती. २०२१ मध्ये बंगळुरूच्या कंपनीने मला घरून काम दिलं. आधी अशा जागेसाठी माझा अर्ज कुणी उघडलाही नसता, कारण पत्त्यात नागपूर होतं.

एकत्र कुटुंब, दोन खोल्यांत सहा माणसं. नवतप्यात, मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हात, कूलर चालू ठेवला तर पलीकडच्यांना फक्त घरघर ऐकू जायची, म्हणून कॉलपुरता कूलर बंद. अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री नऊलाही मीटिंग असायची. 'घरीच आहेस ना' हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. कुरडया घालायच्या सकाळी सासूबाईंनी हाक मारली आणि मी म्यूटवर नव्हते. टीमने ऐकलं, मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच आतल्या खोलीला पडदा लावला आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या, कुणी आत जाऊ नये म्हणून. आमच्यातलं बरंच काही त्या खुर्चीमुळे बदललं.

इतवारी, किराणा ठोक

आमचं काम लॅपटॉपमध्ये मावणारं नव्हतं, पण हिशेब मावला. एप्रिल २०२० मध्ये बाजारच बंद होता; यूपीआयचे देशातले व्यवहारही त्या महिन्यात शंभर कोटींच्या आत आले होते. ऑक्टोबरात तेच दोनशे कोटींवर गेले. आमच्या गल्ल्यावरही तसंच झालं. माझे वडील नोटा हाताने मोजल्याशिवाय माल सोडत नव्हते. आता फोनवरचा आवाज ऐकून मान हलवतात. उमरेड-सावनेरचे दुकानदार ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. आमच्याकडे वसुलीला फिरणारे दोघे होते, त्यातल्या एकाला दुसरं काम देता आलं, दुसऱ्याला नाही. ते मनाला लागून आहे.

धरमपेठ, नोकरभरतीचं काम

२०२१-२२ सारखी वर्षं मी पाहिली नव्हती. जगभरातल्या कंपन्यांना एकदम सगळं ऑनलाइन हवं होतं, पैसा स्वस्त होता, आणि माणसं कमी पडत होती. एकेका उमेदवाराकडे तीन-तीन ऑफर. नव्वद दिवसांच्या नोटिशीत तो चौथी शोधायचा. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिससारख्या कंपनीतली गळती, म्हणजे वर्षभरात नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, २८.४ टक्के होती, यावरून कल्पना येईल. मी अडीचपट पगाराची पत्रं पाठवली आहेत.

मग व्याजदर चढले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने (फेसबुकची कंपनी) ११ हजार माणसं कमी केली, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजार. महामारीतली मागणी कायमची समजून भरती केली, हे मेटाच्या प्रमुखांनी उघड मान्य केलं. नागपुरात कपातीपेक्षा शांतता जास्त जाणवली. फोनच येईनात. हिंगणा रोडच्या कॉलेजांतली मुलं हातात ऑफर लेटर घेऊन रुजू व्हायच्या तारखेची वाट पाहत होती. एकीने तब्बल अकरा महिने वाट पाहिली. दर पंधरा दिवसांनी ती मला विचारायची आणि मी 'लवकरच' लिहायचे. ते लिहायला नको होतं. मला कळलेलं नव्हतं, तर तसं सांगायला हवं होतं.

त्रिमूर्तीनगर, प्रोग्रॅमर

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. सकाळच्या स्टँडअपमध्ये काल काय केलं, आज काय करणार, हे सांगायचं असतं. त्या महिन्यात आम्ही घरात कुणाला ताप आहे ते सांगत होतो.

टीममधल्या पाच जणांनी एक शीट सुरू केली: खाटा, ऑक्सिजन, औषधं, डबे. समाजमाध्यमांवर फिरणारे नंबर आम्ही स्वतः लावायचो आणि पुढच्या रकान्यात वेळ टाकायचो. तीन तासांपेक्षा जुनी नोंद आपोआप लाल व्हायची. मी आयुष्यात लिहिलेला सगळ्यात उपयोगी कोड तोच, दोन ओळींचा. २३ तारखेच्या रात्री विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर आणणारी रेल्वे, पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस, नागपूरला आली, तेव्हा ग्रुपवर कुणीतरी फक्त 'आली' एवढंच लिहिलं.

आमच्या टीम लीडच्या वडिलांसाठी खाट मिळाली ती त्याच शीटवरून. माझ्या मामासाठी नाही मिळाली. नोंद हिरवी होती, पोचेपर्यंत भरली होती. मॅनेजरने दोन आठवडे माझ्या नावावर एकही काम टाकलं नाही आणि कुणाला विचारूही दिलं नाही. ती कंपनी मी अजून सोडलेली नाही, त्यामागे हे कारण आहे.

बेसा, सध्या पुणे

एप्रिल २०२० मध्ये टीसीएसने जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त लोक ऑफिसात लागणार नाहीत. मी तिथे नव्हतो, पण आमच्याकडेही तशीच भाषा होती. 'कायमचं घरून' असं मेलमध्ये आल्यावर मी पुण्याची खोली सोडली, बेसा रोडला फ्लॅट घेतला. आईचं डायलिसिस सुरू होतं, आठवड्यातून दोनदा मीच नेत होतो.

२०२३ च्या दिवाळीआधी मेल आला, सगळ्यांनी पाच दिवस हजर. टीसीएसनेही त्याच सुमारास लोकांना परत बोलावलं. आधीच्या मेलचा उल्लेखही नव्हता. मी तो जोडून उत्तर पाठवलं, तर कळलं की ते 'धोरण' नव्हतं, 'त्या वेळची व्यवस्था' होती.

आता शुक्रवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स पकडतो, शनिवारी सकाळी घरी. आईचे वार बदलून शनिवार आणि मंगळवार करून घेतले. शनिवारी मी नेतो. मंगळवारी शेजारचा मुलगा नेतो. त्याचं काम अजून घरून चालतं.