मदत हवी आहे: ‘बालिबो’ची मराठी सबटायटल्स चित्रातच पक्की करायची आहेत

रत्नागिरीत वाचनालयाच्या सभागृहात युद्धाच्या बातम्या देताना मारल्या गेलेल्या पत्रकारांवरचे दोन चित्रपट दाखवतोय: ‘अ प्रायव्हेट वॉर’ (मारी कॉल्विन, सीरियातलं होम्स, २०१२) आणि ‘बालिबो’ (पूर्व तिमोर, १९७५). पहिल्याचं काम झालं. ‘बालिबो’वर अडलंय. आमच्या प्रतीत पोर्तुगीज आणि तेतुम संवादांचं इंग्रजी भाषांतर चित्रातच खाली छापलेलं आहे आणि मराठी ओळ नेमकी त्याच्यावर चढते.

एसआरटीत (सबटायटल्सच्या साध्या मजकूर-फाइलीत) तेवढ्या ओळींना ‘एएन८’ टॅग (ओळ पडद्याच्या वरच्या बाजूला नेणारी खूण) लावून त्या वर नेल्या. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये चोख दिसतं. प्रोजेक्टरचा स्वतःचा प्लेअर मात्र टॅगच पडद्यावर छापतो, शिवाय जोडाक्षरं फोडतो. ‘युद्ध’चा पार चुथडा. लॅपटॉप जोडा म्हणाल, तर एचडीएमआय पोर्ट खाऱ्या हवेने गंजलाय, पेनड्राइव्हच चालतो. फाइल यूटीएफ-८ आहे, वेळ जुळलेली आहे. सार्वजनिक खेळाची आणि सबटायटल्स बसवण्याची लेखी परवानगीही आहे.

म्हणून ओळी चित्रातच छापायच्या, तर एफएफएमपेगला (व्हिडिओवर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर) एसआरटी थेट द्यावी, की आधी तिची एएसएस (सबटायटल्सचा दुसरा फाइल-प्रकार) करून फॉन्ट (नोटो सान्स देवनागरी) आणि जागा त्यातच ठरवावी? आणि जोडाक्षरं शाबूत राहायला लागणारी, हार्फबझसह (अक्षरं नीट जोडणारी लायब्ररी) बांधलेली लिबॅस (सबटायटल्स चित्रावर उमटवणारी लायब्ररी) आपल्या एफएफएमपेगच्या आवृत्तीत आहे की नाही, हे कसं तपासायचं?